हीटर, ब्लोअर, गिझर आणि शेगडी: ग्वाल्हेरच्या थंडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरची थंडी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना आल्याशिवाय खरी वाटत नाही. जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, धुकं बसलं की दुपारपर्यंत ऊन नाही, आणि शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांच्या दगडी भिंती दिवसभर गारच राहतात. घरभर गरम हवा फिरवणारी फर्नेस आपल्याकडे नसते. आपण एक खोली ब्लोअरने, दुसरी ऑइल हीटरने आणि न्हाणीघर गिझरने सांभाळतो. ही उपकरणं दुरुस्त करण्याचं काम मी करतो. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत लोक तेच-तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. दुकानात आलेला हीटर पुष्कळदा धडधाकट असतो. दोष प्लगात, धुळीत, पाण्यात नाहीतर बंद खिडकीत असतो.

यंदा पहिल्यांदाच ब्लोअर लावला आणि जळका वास आला. बिघडला का?

बहुतेक नाही. माळ्यावर आठ महिने पडून कॉइलवर जी धूळ बसली, ती जळते आहे. खिडकी उघडी ठेवून दहा-पंधरा मिनिटं चालवा, वास जायला हवा. पण वास प्लास्टिकचा, रबराचा किंवा चक्क मासळीसारखा येत असेल तर लगेच बंद करा. तापलेल्या प्लग-सॉकेटचं प्लास्टिक असा वास देतं. शाकाहारी घरात मासळीचा वास आला म्हणून शेजाऱ्यांकडे संशयाने पाहण्याआधी स्वतःचा स्विचबोर्ड हुंगून पाहा.

प्लग गरम होतो. चालेल का?

या एका प्रश्नासाठी मी हातातलं काम बाजूला ठेवतो.

2000 वॉटचा हीटर साधारण पावणेनऊ अँपिअर विजेचा भार घेतो. एवढा भार तासन्‌तास चालू असताना प्लग किंचित कोमट लागला तर ठीक आहे. पण अर्ध्या तासाने हीटर बंद करून प्लग काढला आणि त्याच्या पिनांना बोट टेकवत नसेल, तर आतली पकड सैल झाली आहे. सैल पकडीत वीज अडखळते आणि तिथेच उष्णता साठते. त्या उष्णतेने पितळी पट्टी आणखी सैल होते, मग आणखी तापते. हे थांबत नाही, वाढतच जातं.

आमच्याच घरी हे झालं. आईच्या खोलीतला ब्लोअर रोज संध्याकाळी लागायचा. एके दिवशी प्लग काढायला गेलो तर तो सॉकेटला चिकटलेला. ओढून काढला तेव्हा एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं आणि सॉकेटचं भोक एका बाजूला वितळून लांबट झालेलं. बोर्ड उघडला तर आत जुनी अ‍ॅल्युमिनियमची तार, तिला कोणीतरी नुसतीच पिळून जोडलेली तांब्याची तार, आणि त्या जोडावर काळी पूड. दुसऱ्यांची घरं तपासत फिरणाऱ्या माझ्या घरात हा बोर्ड दोन हिवाळे तसाच होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून सांगतो: हीटर फक्त 16 अँपिअरच्या मोठ्या पॉवर पॉइंटवर लावा. त्या पॉइंटपर्यंत तांब्याची 2.5 किंवा 4 चौरस मिलिमीटरची वायर आली आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घ्या. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर हीटर कधीही नको. मोठी पिन छोट्या सॉकेटात बसवणारे अडॉप्टर बाजारात मिळतात, ते घरात ठेवूच नका. डागाळलेला सॉकेट पुसून पुन्हा वापरू नका, बदला. त्याला येणारा खर्च एका रजईच्या खोळीपेक्षा कमी आहे.

हीटर लावला की एमसीबी पडते. मोठी एमसीबी बसवू का?

नको. एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, वायरचं रक्षण करते, हीटरचं नव्हे. मोठी बसवलीत तर ती पडणार नाही आणि भिंतीतली वायर जळेल.

ती कधी पडते ते पाहा. बटण दाबताक्षणी पडली तर हीटरमध्ये किंवा कॉर्डमध्ये शॉर्ट आहे. पाच-दहा मिनिटांनी पडली तर त्या सर्किटवर भार जास्त झाला आहे, म्हणजे हीटर, गिझर आणि इस्त्री एकाच ओळीवर आहेत. आणि एमसीबीऐवजी शेजारची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखणारा स्विच, पडत असेल, तर वीज कुठेतरी अंगावर किंवा जमिनीत गळते आहे. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरच्या गळतीवर तुटते आणि तेवढ्याने जीव वाचतो. ती वारंवार पडते म्हणून बाजूला काढून टाकणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. त्यांना घराबाहेर ठेवा.

ब्लोअर दहा मिनिटं चालतो आणि आपोआप बंद पडतो.

मागची जाळी पाहा. तिथे कापसाच्या धुळीचा थर बसला असणार. रजया झटकण्याचे दिवस, दुसरं काय होणार? हवा आत शिरली नाही की कॉइल जास्त तापते आणि आतला थर्मल कटआउट वीज तोडतो. तो त्याचं काम चोख करतो आहे. प्लग काढा, ब्लोअर गार होऊ द्या, मऊ ब्रशने आणि हवेच्या फुंकरीने जाळी साफ करा. ओलं फडकं नको. साफ करूनही बंद पडत असेल, तर पंख्याची बुशिंग सुकून तो हळू फिरत असतो. ते दुकानातलं काम आहे.

कटआउट काढून सरळ तार जोडून द्या, असं सांगणारे ग्राहक दर वर्षी येतात. मी देत नाही, कोणीही देऊ नये.

सकाळ-संध्याकाळ हीटर मंद तापतो, दुपारी ठीक चालतो. का?

व्होल्टेज. सगळं शहर एकाच वेळी गिझर-हीटर लावतं आणि व्होल्टेज खाली येतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे 230 च्या जागी 200 व्होल्ट आले तर 2000 वॉटचा हीटर जेमतेम 1500 वॉटचा होतो. हीटर बदलून उपयोग नाही.

आमचं घर जनकगंजातलं जुनं दगडी घर आहे, छत उंच. कोणता हीटर घ्यावा?

हा प्रश्न मला आवडतो, कारण ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातल्या स्टॉलवर याचं उत्तर मिळत नाही. तिथे सगळ्यांना तोच ब्लोअर विकतात.

ब्लोअर हवा गरम करतो आणि गरम हवा वर जाते. बारा-चौदा फूट उंचीच्या खोलीत ती ऊब छताच्या दगडी पटियांना लागते, खाली पाय गारच. शिवाय जाड दगडी भिंती उष्णता पीत राहतात. दोन तास ब्लोअर चालवून बंद केला की पंधरा मिनिटांत खोली होती तशी. अशा बैठकीच्या खोलीत क्वार्ट्झ किंवा रॉडचा हीटर घ्या. त्याची किरणं उन्हासारखी सरळ अंगावर येतात, हवा तापण्याची वाट बघावी लागत नाही. आजोबा पेपर वाचत बसतात त्या खुर्चीपासून हीटर मीटरभर दूर ठेवला की पुरे.

झोपण्याची खोली लहान, छत नऊ-दहा फुटांचं, दार नीट लागणारं असेल तर ऑइल हीटर उत्तम. तो तापायला अर्धा तास घेतो, पण त्यात उघडी लाल कॉइल नसते आणि थर्मोस्टॅट आपोआप चालू-बंद करत राहतो. दहा बाय बाराच्या खोलीला 1000 ते 1500 वॉट पुरतात.

जुन्या घरात हीटरपेक्षाही आधी एक काम करा. दाराखालची फट गोधडीच्या गुंडाळीने बुजवा, खिडकीला जाड पडदा लावा आणि फरशीवर सतरंजी घाला. आपल्या आज्या हे करायच्या आणि ते आजही लागू आहे. मात्र खोलीत शेगडी किंवा गॅसवर चालणारं काहीही जळत असेल, तर हीच फट बुजवणं जिवावर बेतेल. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

ऑइल हीटरमधलं तेल कधी बदलायचं?

कधीच नाही. ते जळत नाही, फक्त उष्णता धरून ठेवतं. तेल गळताना दिसलं तर हीटर बाद. आडवा ठेवलेला असेल तर उभा करून तासभर थांबा, मगच लावा.

हीटर खोलीतला ऑक्सिजन खातो म्हणतात. पाण्याचं भांडं ठेवलं की चालतं ना?

विजेचा हीटर काही जाळत नाही, त्यामुळे तो ऑक्सिजनही खात नाही. हवा तापल्यावर कोरडी वाटते, घसा आणि डोळे सुकतात. त्यासाठी पाण्याचं भांडं ठेवलं तर थोडा आराम मिळतो. पण याच समजुतीपोटी लोक कोळशाच्या शेगडीशेजारीही पाण्याचं पातेलं ठेवतात आणि निश्चिंत झोपतात. शेगडीच्या विषाला पाणी अडवत नाही.

बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवायची आहे. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी रोज असायची. काय करू?

सासूबाई खोटं बोलत नाहीत. त्यांच्या वेळी रोज असायची आणि काही होत नसे. फरक खोलीत पडला आहे. जुन्या वाड्यात झरोका असे, लाकडी दाराच्या फळ्यांत बोटभर फटी असत, छपराखालून वारा खेळत असे. आता त्याच खोलीला अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत आणि दाराला रबराची पट्टी. शेगडी तीच, खोली मात्र डब्यासारखी बंद.

कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. सगळ्यात फसवी असते ती धूर संपलेली, वर पांढरी राख आलेली, मंद लाल शेगडी. घरातली माणसं म्हणतात, आता धूर नाही, आत आणा. विष त्या निखाऱ्यातूनही येतच असतं. डोकं जड होतं, मळमळतं, हातापायातलं त्राण जातं, आणि झोपेत असलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. दर हिवाळ्यात उत्तर भारतात कुठे ना कुठे अख्खं कुटुंब बंद खोलीत शेगडीपाशी दगावल्याची बातमी येते. ती वाचली की मला बाळंतिणीची खोलीच आठवते, कारण तिथे दार सगळ्यात घट्ट लावलेलं असतं.

खोलीला ऑइल हीटर लावा. शेकायचं असेल तर सुती कपडा बाहेर तव्यावर गरम करा, गालाला लावून पाहा, मग आत न्या. ओवा-शेपाची धुरी घरात द्यायचीच असेल, तर बाळ-बाळंतीण दुसऱ्या खोलीत असताना, दार-खिडकी उघडून द्या आणि शेगडी लगेच अंगणात न्या. शेगडी पेटती ठेवून कोणीही झोपायचं नाही. सासूबाईंना हे सांगताना झरोक्याची गोष्ट सांगा. त्यांना ती पटते, मी पाहिलं आहे.

गॅस गिझर बाथरूमच्या आत लावला आहे. धोका आहे का?

आहे. तो बाहेर काढा, या आठवड्यात काढा.

एक भाग गॅस पूर्ण जळायला पंचवीस-तीस भाग हवा लागते. आपली न्हाणीघरं चार बाय सहाची, थंडीत झरोक्याला कागद चिकटवलेला आणि एक्झॉस्ट बंद. दोन माणसांच्या अंघोळी होईपर्यंत हवा अपुरी पडते आणि वर सांगितलेलाच कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. अंघोळीला गेलेली मुलगी हाक मारूनही ओ देत नाही, अशा गोष्टी इथूनच घडतात. गिझर गॅलरीत किंवा मोकळ्या भिंतीवर बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत न्या.

ज्योत निळी हवी. पिवळी किंवा लाल दिसली तर बर्नरमध्ये कचरा आहे किंवा हवा कमी आहे, वापर थांबवा. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तिच्यावर छापलेली तारीख वाचा.

अंघोळीत कोणाचं डोकं गरगरलं तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, 108 ला फोन करा. आत जाणाऱ्याने दार उघडं ठेवूनच जावं. गॅसचा वास आला, म्हणजे गळती असेल, तर मात्र विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर येऊन 1906 वर कळवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो.

गॅस गिझर टकटक करतो पण पेटत नाही.

आधी खालचे दोन मोठे सेल बदला. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. नाही पेटला तर पाण्याचा दाब पाहा. टाकी गिझरपेक्षा जेमतेम एक मजला उंच असेल तर दाब कमी पडतो. पाणी आत येतं तिथली बारीक जाळी काढून धुवा, तीत गाळ अडकलेला असतो. यानंतरही नाही तर आतलं रबरी डायफ्राम फाटलं आहे, मिस्त्रीला बोलवा.

विजेचा गिझर उशिरा तापतो आणि आतून खदखद आवाज येतो.

क्षार. तिघरा धरणाचं पाणी येणाऱ्या घरांत हा त्रास कमी, बोअरचं पाणी वापरणाऱ्या वसाहतींत फार. पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर चुन्यासारखा पांढरा थर चढतो, उष्णता पाण्यात जायच्या आधी त्या थरात अडकते, आणि थराखाली उकळणारं पाणी आवाज करतं. मी एका गिझरमधून काढलेला एलिमेंट इतका जाड होता की भोकातून बाहेरच येईना, चिमट्याने थर फोडून काढावा लागला.

बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घ्या. त्याच वेळी मॅग्नेशिअमचा अ‍ॅनोड रॉड पाहायला सांगा. हा रॉड स्वतः झिजतो आणि टाकीला गंजापासून वाचवतो. पेन्सिलीएवढा बारीक उरला असेल तर बदला. तो संपल्यावर गंज टाकीला धरतो, आणि टाकी गळू लागली की दुरुस्ती नाही, नवा गिझर.

हिशेबासाठी सांगतो: 25 लिटर पाणी 15 अंशांवरून 45 वर न्यायला 2000 वॉटच्या गिझरला साधारण 26 मिनिटं लागतात. तुमचा गिझर पाऊण तास घेत असेल तर क्षार, कमी व्होल्टेज किंवा थर्मोस्टॅट, यांपैकी एक कारण आहे.

गिझरच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. गळतो आहे का?

पाणी तापताना फुगतं, तो जास्तीचा दाब व्हॉल्व्ह सोडतो. तापताना दोन-चार थेंब ठीक. सतत धार असेल तर व्हॉल्व्ह बदला. त्याचं तोंड बूच मारून बंद करू नका, दाब कोंडला तर टाकी फुटते.

नळाला हात लावला की झिणझिण्या येतात.

अंघोळ सोडा, बाहेर या, गिझरची एमसीबी पाडा. एलिमेंट फुटला आहे आणि अर्थिंगही नाही, असा याचा अर्थ. चप्पल घालून अंघोळ करणं हा उपाय नव्हे.

पाणी तापवायचा रॉड वापरावा का?

पर्याय असेल तर नाही. वापरायचाच असेल तर आयएसआय मार्कचा घ्या. आधी रॉड पाण्यात, मग बटण. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मगच हात. बोट घालून पाणी पाहणं कायमचं बंद. मुलं घरात असतील तर बादली नुसती दाराआड ठेवून जाऊ नका, न्हाणीघराचं दार लावून घ्या.

आणि पाणी कशानेही तापवा, बादलीत आधी गार, मग गरम. 60 अंशांचं पाणी म्हाताऱ्या माणसाच्या कातडीला काही सेकंदांत भाजतं.

बिल किती येईल?

2000 वॉटचा हीटर तासाला दोन युनिट. रोज चार तास लावला तर महिन्याला 240 युनिट. तुमच्या बिलावरच्या दराने गुणा. थर्मोस्टॅट असेल तर आकडा कमी होतो. घरात गरम-गार दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी असेल तर तो वापरा. बाहेरच्या हवेतली उष्णता तो आत ओढतो, त्यामुळे तेवढ्याच उबेला साधारण एक तृतीयांश वीज लागते.

मुलाकडे कॅनडात हिवाळा काढायला जातो आहोत. तिथल्या फर्नेसचं काय लक्षात ठेवू?

हा प्रश्न आता दर वर्षी येतो, विशेषतः नातवंडं सांभाळायला जाणाऱ्या आजी-आजोबांकडून. तिथे तळघरात गॅसची भट्टी असते आणि नळ्यांतून सगळ्या खोल्यांत गरम हवा जाते. घर अचानक गार पडलं तर भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचे सेल पाहा, आणि भट्टीजवळचा स्विच पाहा. तो दिव्याच्या बटणासारखाच दिसतो, झाडताना हात लागून बंद झालेला असतो. भट्टीचं झाकण नीट बसलं नसेल तरीही ती सुरू होत नाही. हवेचा फिल्टर एक ते तीन महिन्यांनी बदलायचा, त्यावरचा बाण भट्टीच्या दिशेने. जमिनीतल्या जाळ्यांवर गालिचा किंवा सोफा नको. बाहेर भिंतीतून आलेल्या पांढऱ्या पाइपांची तोंडं बर्फाने बुजली तर भट्टी बंद पडते, बर्फ हाताने दूर करा. भट्टी पेटून काही सेकंदांत विझत असेल तर ज्योत ओळखणारा सेन्सर काजळलेला असतो, तो तिथल्या परवानाधारक माणसाला पाहू द्या.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर स्वेटर शोधत बसू नका. नातवंडाला उचला, बाहेर पडा आणि बाहेरून 911 लावा. असा अलार्म आपल्याकडेही ऑनलाइन मिळतो. गॅस गिझर असलेल्या घरात तो असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

थंडी संपल्यावर हीटर कसे ठेवायचे?

होळीनंतर, पूर्ण गार झाल्यावर. कोरड्या ब्रशने धूळ काढा, कॉर्ड घट्ट न आवळता सैल वेटोळ्यात गुंडाळा आणि तोंड बांधलेल्या पिशवीत घाला. माळ्यावर उंदीर कॉर्ड कुरतडतात, म्हणून नवरात्रात खाली काढल्यावर प्लग लावण्याआधी कॉर्ड बोटांच्या चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत तपासा. बोटाला कुठे खाच लागली तर आधी कॉर्ड बदला. मी प्लगवर चिकटपट्टी लावून तपासल्याची तारीख लिहितो. आईच्या ब्लोअरवरही आता ती असते.